देव बदलत नाही, पण बाक कुणाचा?

वसईतल्या कोणत्याही धर्मग्रामाच्या पालकीय मंडळाच्या सभेला जाऊन बसावे आणि थोडा धीर धरावा. विषय वेदीवरच्या फुलांचा असो, गायनमंडळाच्या पेटीचा असो की दफनभूमीच्या नव्या नियमांचा असो, तासाभरात कुणीतरी घसा खाकरून उभे राहते आणि म्हणते, "फादर, देव बदलत नाही. मग तुम्हीच का बदलता?" माना डोलतात. एकदा हे वाक्य उच्चारले गेले की पुढे बोलणे म्हणजे प्रत्यक्ष देवाला विरोध करणे, असे वातावरण तयार होते. गेली पंचवीसेक वर्षे आम्ही हे वाक्य ऐकत आलो आहोत. आणि खरे सांगायचे तर सोयीचे वाटले तेव्हा आम्हीही ते वापरले आहे. आज आमचे भांडण त्या वाक्याशीच आहे.

वाक्य खोटे नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. परमेश्वराचे अपरिवर्तनीयत्व हा आपल्या श्रद्धेचा पाया आहे. गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनसच्या 'सुम्मा'तील पहिल्या भागाचा नववा प्रश्न अभ्यासला, तो याच विषयावरचा. साध्या मराठीत त्याचा आशय असा, की जे अपुरे आहे ते बदलते, कारण त्याला काही मिळवायचे असते किंवा त्याचे काही हरवू शकते. परमेश्वर परिपूर्ण आहे. त्याला मिळवायचे काही उरलेले नाही आणि त्याचे हरवण्याजोगे काही नाही, म्हणून तो बदलत नाही. परीक्षेत आम्ही हे उत्तर बरे लिहिले होते. त्याची दुसरी बाजू ध्यानात यायला मात्र बरीच वर्षे गेली. देव बदलत नाही, कारण त्याला गमावण्याचे भय नाही. आपण बदलत नाही, ते बहुतेक वेळा नेमके त्याच भयापोटी. डोंगरही जागचा हलत नाही आणि आतून कडी लावून बसलेला माणूसही हलत नाही. म्हणून त्या माणसाला डोंगर म्हणण्याचे कारण नाही.

ओळखीच्या गोष्टींत सांत्वन असते, याबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही. धर्मगुरू होऊन दोन-तीन वर्षेच झाली असतील, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याला तैलाभ्यंगाचा संस्कार देण्यासाठी आम्ही गेलो होतो. आयुष्यभर पानवेलीची वाडी राखलेला माणूस. स्मृती पार गेलेली. उशाशी उभ्या असलेल्या मुलांची नावेही त्यांना आठवत नव्हती. आम्ही आजच्या पुस्तकातील शब्दांत 'नमो मरिया' सुरू केली. त्यांचे डोळे भिरभिरू लागले, ओठ अडखळले. पायथ्याशी बसलेली त्यांची बहीण हलकेच म्हणाली, "फादर, जुनी म्हणा," आणि आमची वाट न पाहता आईने शिकवलेल्या शब्दांत तिनेच प्रार्थना सुरू केली. तो माणूस शेवटपर्यंत एकही शब्द न चुकता तिच्याबरोबर बोलत गेला. आम्ही पुस्तक मिटले. परिचित शब्दांना जुनाट म्हणून हसणारा, दर सणाला नवी चाल, नवा पडदा आणि नवी रोषणाई आणणारा आमचा एखादा तरुण धर्मबंधू अशा खाटेपाशी अजून उभा राहिलेला नसावा. त्याच्याशी आमचे भांडण वेगळे आहे. ते पुन्हा कधीतरी.

हा लेख लिहायला लावणारी गोष्ट अशी. आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीत गेल्या काही वर्षांत झारखंड, छत्तीसगड, ओडिशा इकडची बरीच कॅथलिक कुटुंबे राहायला आली आहेत. पुरुष लहान कारखान्यांत आणि बांधकामांवर, मुली नव्या इमारतींमधील घरकामावर. त्यांनी आम्हांला एक अर्ज दिला. हिंदीत लिहिलेला, खाली सह्या, चार-पाच ठिकाणी अंगठे. मागणी एवढीच, की महिन्यातून एका रविवारी सकाळची साडेसातची मिस्सा हिंदीतून व्हावी. साडेसातचीच का, तर घरकाम करणाऱ्या मुलींना त्याच वेळी सुटता येते. नऊ वाजले की मालकिणीचा फोन.

अर्ज मंडळापुढे ठेवला. आणि सुमारे दहा मिनिटांत देव बदलत नाही हे सिद्ध झाले. साडेसातची मिस्सा आमच्या आजोबांपासून चालत आलेली आहे, मराठी ही आमची परंपरा आहे, आणि आमच्या बाकावर दुसरेच कुणी येऊन बसले तर आम्ही जायचे कुठे? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण तो अत्यंत गंभीरपणे विचारला गेला. आमच्या चर्चमधील पुष्कळ बाकांच्या पाठीवर देणगीदारांच्या वाडवडिलांच्या नावाच्या पितळी पट्ट्या आहेत आणि त्या पट्ट्या दर नाताळाला घासून लख्ख केल्या जातात. तोडगा काढला तो आम्हीच. हिंदी मिस्सा होईल, पण दुपारी तीन वाजता, सभागृहात. वर पत्रे, मे महिना. पहिल्या वेळी शंभरावर माणसे आली. ऑगस्टपर्यंत ती बारा-पंधरावर आली. मंडळाच्या इतिवृत्तात नोंद आहे : 'प्रतिसाद अल्प असल्याने तूर्त स्थगित.' अक्षर आमचे आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात संध्याकाळची जपमाळ चालू असताना आम्ही मागच्या दाराने पडवीत आलो. खांबाला टेकून एक मुलगी उभी होती. आत पन्नास-साठ आवाज 'नमो मरिया' म्हणत होते आणि ती त्याच मण्यावर, त्याच लयीत, स्वतःशी 'प्रणाम मरिया' म्हणत होती. बाके निम्मी रिकामी होती. आत का बसत नाहीस, असे विचारताच ती गडबडली आणि "यहीं ठीक है, फादर," एवढेच बोलली. आम्हांला पानवेलीचा तो शेतकरी आठवला. आईने शिकवलेल्या शब्दांचे जे सांत्वन आम्ही त्या खाटेपाशी पवित्र मानले, तेच या मुलीने मागितले, तेव्हा आम्ही तिला पत्र्याखाली पाठवले होते. परिचितातील सांत्वन ही देवाची देणगी असेल, तर ती केवळ पट्टी लावलेल्या बाकापुरती कशी?

आता ज्या जुन्या गोष्टींसाठी आपण देवाला साक्षीला उभे करतो, त्यांचे वय एकदा पाहू. ज्या मराठी मिस्सेला आपण वाडवडिलांची परंपरा म्हणतो, ती आमच्या आजोबांनी तरुणपणी ऐकलीच नव्हती. पोप पायस पाचवे यांनी १५७० मध्ये प्रसिद्ध केलेली लॅटिन उपासना सुमारे चारशे वर्षे चालली. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने लोकभाषांना दार उघडले आणि १९६९ च्या आगमनकाळापासून नवा मिस्साविधी लागू झाला. आमचा जन्म त्या सुमाराचा. म्हणजे मराठी मिस्सा आमच्याच वयाची आहे. आमचे वडील सांगत, की वेदीवरून मराठी ऐकून त्यांच्या एका चुलत्याने, 'आता देवाला मजुराच्या भाषेत बोलायला लावणार काय?' असे विचारले होते. त्या मजुराच्या भाषेवर आज आम्ही पहारा देतो आहोत.

'नमो मरिये'च्या उत्तरार्धाला, म्हणजे देवमातेला आपल्यासाठी विनवणी करायला सांगतो त्या भागाला, अधिकृत प्रार्थनाग्रंथात आजचे रूप मिळाले १५६८ मध्ये. क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने ठरली १७३१ मध्ये. जपमाळेच्या प्रत्येक दशकानंतर आपण म्हणतो ती फातिमाची प्रार्थना १९१७ नंतरची. प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली ती २००२ मध्ये. तेव्हा, जपमाळ बदलता येते काय, म्हणून आमच्याशी तावातावाने वाद घालणाऱ्या एक मावशी आज गुरुवारी ती रहस्ये चुकली तर आम्हांला टोकतात. आणि २०२० साली टाळेबंदीत चर्चची दारे बंद झाली तेव्हा काय झाले? साडेसातच्या मिस्सेशिवाय ज्यांचा रविवार उजाडत नसे, त्यांतले काही जण पुढे दारे उघडल्यावरही वर्षभर फिरकले नाहीत. घरच्या कोचावर, हाताशी चहा घेऊन पाहिलेल्या मिस्सेची सवय त्यांना काही महिन्यांत जडली होती. जुने म्हणजे काय, तर पुष्कळदा कालची सवय. तिला अनादि म्हणणे हा सवयीचा गौरव नव्हे, अनादि परमेश्वराचा उपमर्द आहे.

परंतु खरा मुद्दा पुढेच आहे. आमच्या वेदीमागील भिंतीवर इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील आठवे वचन सोनेरी अक्षरांत रंगवलेले आहे : प्रभू येशू काल, आज आणि युगानुयुग तोच आहे, या आशयाचे. सभेत बोट दाखवले जाते ते याच भिंतीकडे. भिंतीवर एकच वचन मावते. पुस्तकात मात्र त्याला शेजार आहे. तोच अध्याय उघडून दुसरे वचन वाचा. परक्यांचे आदरातिथ्य करायला विसरू नका, कारण तसे करताना काहींनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला आहे, असे तेथे सांगितले आहे. चौदाव्या वचनात येते, की या जगात आपल्याला कायमचे नगर नाही. म्हणजे ख्रिस्ताच्या एकसारखेपणाच्या एका हाताला दारातला परका आहे आणि दुसऱ्या हाताला आपले स्वतःचे परकेपण. मधले तेवढे कापून आम्ही सोन्यात मढवले.

हा योगायोग असेल असे आम्हांला प्रथम वाटले, म्हणून आम्ही दुसरे ठिकाण पाहिले. आपण बदलत नसल्याचे परमेश्वर स्वतः सांगतो ते मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातील सहाव्या वचनात. आणि पाचव्यात? मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि अनाथ यांना छळणारे, परदेशीयाला हुसकावून लावणारे, अशांविरुद्ध तो साक्षीला येत असल्याचे तेथे म्हटले आहे. तिसरे ठिकाण याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील सतरावे वचन : ज्याच्या ठायी बदलाची सावलीदेखील नाही, तो प्रकाशांचा पिता. थोडे पुढे, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी पाहावे. तेथे भक्तांच्या सभेत दोन माणसे येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, दुसऱ्याचे कपडे मळके. पहिल्याला चांगली जागा मिळते आणि दुसऱ्याला सांगितले जाते, की तू तिथे उभा राहा. वाचकहो, हे पत्र कोणत्या धर्मग्रामाला लिहिले आहे? आम्ही ते सेमिनरीत वाचले होते, वेदीवरून कितीदा तरी वाचले होते. खांबाला टेकलेल्या त्या मुलीला पाहीपर्यंत त्यातल्या बाकांकडे आमचे लक्ष गेले नव्हते.

पवित्र शास्त्राने देवाच्या न बदलण्याविषयी सांगितले ते बसायला जागा असलेल्यांची जागा पक्की करण्यासाठी नव्हे. ते सांगितले ज्यांचे परिचित सारे हरपले होते त्यांना. १०२ वे स्तोत्र पाहा. आकाश आणि पृथ्वी वस्त्रासारखी जीर्ण होतील पण तू तोच राहशील, असे म्हणणाऱ्याची सियोन उद्ध्वस्त झालेली आहे. तिच्या धोंड्यांवर आणि धुळीवर त्याचा जीव जडला आहे. यिर्मयाच्या काळी मात्र मंदिर अजून उभे होते, आणि लोक त्याचे नाव तीन-तीनदा घेऊन निर्धास्त होत असत. परके, अनाथ, विधवा यांना छळाल तर हे मंदिरही शिलोप्रमाणे जाईल, असे संदेष्ट्याने त्यांना बजावले. ते गेलेही. ते जाण्याआधीच बाबेलच्या मुलखात, खबार नदीच्या काठी, निर्वासितांमध्ये बसलेल्या यहेज्केलला देवाच्या सिंहासनाचे दर्शन घडले, आणि त्या सिंहासनापाशी चाके होती. आम्हांला या चाकांचे फार अप्रूप वाटते. सिंहासनावर बसणारा तोच, अणुमात्र न बदललेला. पण यरुशलेमात अडकून न पडता तो आपल्या लोकांमागे परमुलखात येऊ शकत होता. तो तसा आला नसता, तर त्याच्या न बदलण्याचा त्या निर्वासितांना काय उपयोग झाला असता?

लांब कशाला जा? आपल्याच किल्ल्यात संध्याकाळी एक फेरी मारावी. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता गेली आणि पुढे किल्ल्यातली चर्च ओस पडून ढासळत गेली. वसईच्या घंटा दूरवर पोचल्या. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीला आजही त्या पाहता येतात. ज्यांच्या नावाच्या पट्ट्या आपण घासतो, त्या आपल्या पूर्वजांचे सारे परिचित एका पावसाळ्याच्या तोंडावर हरपले. आवाज ओळखीचा नाही, राज्य ओळखीचे नाही, घंटा नाही. तरी ते उरले. त्यांचे सांत्वन घंटेत असते, तर ते घंटेबरोबरच गेले असते.

आणि त्याच वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया! त्याच्या नावाने आपण शाळा-महाविद्यालये काढली, मिरवणुका काढतो. हा वसईकर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, इतकी की फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचा तो दुभाषी झाला, आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मेला. परक्या भाषेत प्रभूची ओळख करून देणे, हे त्याचे काम होते. तिकडे गोव्यात त्याच काळात इंग्लंडहून १५७९ मध्ये आलेले फादर थॉमस स्टीफन्स आपल्या लोकांची भाषा शिकत होते. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. परकी भाषा शिकून घेणाऱ्या एका पाहुण्याने आपल्याला आपल्या भाषेत ख्रिस्त दिला, आणि आज आपण भाषेच्याच नावाने पाहुण्याला पडवीत उभे करतो.

आमच्या विरोधकांचे एक म्हणणे मात्र खरोखर वजनदार आहे आणि ते टाळले तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. सभेनंतर मंडळाचे एक ज्येष्ठ सदस्य थांबले. सभेत ते एक शब्दही बोलले नव्हते. ते म्हणाले, "फादर, वाडी गेली, बावखल बुजले, रस्त्यावर आमची बोली ऐकू येत नाही. स्टेशनवर उतरलो तर आपल्याच गावात परका वाटतो. एक चर्च तेवढे उरले आहे. तेही द्यायचे?" त्यांचा आवाज कापत होता. या दुःखाला आम्ही सवय म्हणणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर आणले, तेव्हा आम्ही सेमिनरीच्या वाटेवरचे पोरगे होतो. त्या मोर्च्यांतून आमचे काकाही चालले होते. काय गेले ते आम्ही जाणतो.

पण मग हिशेब पुरता मांडू या. बावखल कुणी बुजवले? झारखंडच्या मुलीने? खरेदीखतावर सही कुणाची आहे? आपल्याच माणसांनी वाड्या विकल्या, आपणच त्या पैशांत बंगले बांधले, आणि त्याच पैशांतून काही बाकांच्या पट्ट्याही आल्या. त्या स्वीकारताना आशीर्वाद देणारे आम्हीच होतो. ज्या इमारतींनी आपली वसई गिळली, त्यांच्या विटा या लोकांनी डोक्यावरून वाहिल्या. त्या इमारतींत त्यांच्या मालकीची एक खोली नाही. रागावायचे तर योग्य माणसावर रागवावे, आणि त्यासाठी आरशापर्यंत जावे लागते.

आणखी असे, की त्या ज्येष्ठांचा धाकटा मुलगा आखातात आहे. तिथल्या चर्चमध्ये मल्याळम्, कोंकणी, तमिळ, फिलिपिनो अशा कितीतरी भाषांतून पाळीपाळीने मिस्सा होते. गेल्या ईस्टरला त्याने वडिलांना फोटो पाठवला होता. तो त्यांनी आम्हांला मोठ्या अभिमानाने दाखवला होता. परदेशात आपल्या मुलाला बसायला जागा मिळाली म्हणून देवाचे आभार मानणारा बाप आपल्या गावात दुसऱ्याच्या मुलीला जागा का नाकारतो? मनाने तो कठोर आहे म्हणून नव्हे. तो घाबरलेला आहे म्हणून. इस्राएल लोकसुद्धा अरण्यात घाबरले तेव्हा त्यांना मिसरची काकडी, कलिंगडे, कांदे आणि लसूण आठवले होते. आपण भाजीवाडीची माणसे, आपल्याला ती ओढ चटकन कळते. पण त्यांना भाजी आठवली आणि मुकादमाचा चाबूक आठवला नाही, हेही गणनेच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय वाचताना ध्यानात ठेवावे.

राहिला आमचा दोष. हा निर्णय मंडळाचा होता, असे आम्ही त्या कुटुंबांना सांगितले होते. ते खरे नव्हते. १९८३ च्या धर्मसंहितेचे ५३६ वे कलम स्पष्ट आहे, की पालकीय मंडळाचे मत सल्ल्यापुरते असते. जबाबदारी धर्मगुरूची. आम्ही मंडळाच्या आड लपलो, मंडळ परंपरेच्या आड लपले आणि परंपरा देवाच्या आड. शेवटी पडवीतल्या मुलीपर्यंत निरोप पोचला तो असा, की देवालाच ती आत नको आहे.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, मंडळाची सभा आहे. अर्ज पुन्हा ठेवला आहे. मागच्या खेपेस तो 'आयत्या वेळचे विषय' या सदरात अखेरीस होता. या खेपेस पहिला आहे आणि अर्जदारांपैकी दोघांना आम्ही सभेस बोलावले आहे. साडेसातची मिस्सा महिन्यातून एकदा हिंदीत होईल, उरलेले रविवार मराठीतच, आणि त्या एका रविवारी मराठी मिस्सा सहाला होईल, असा आमचा निर्णय आहे. सल्ला ऐकू, वेळांत फेरफार सुचवला तर तोही पाहू. सभागृहाचा प्रस्ताव मात्र आम्ही पुन्हा ठेवणार नाही. त्या ज्येष्ठ सदस्यांनी निरोप पाठवला आहे, की ते सभेला येतील, पण आम्हांला पाठिंबा देणार नाहीत. त्यांच्या घरी आम्ही बुधवारी जेवायला जाणार आहोत.